टेलिफोनवालीचा अबोल कॉम्प्युटर

गल्लीत तिला सगळे टेलिफोनवाली म्हणत. एक्स्चेंजला टाळं लागून बारा वर्षं झाली होती, त्या जागेवर आता मोटारींचं चकचकीत शोरूम उभं होतं, पण नाव काही सुटलं नाही. बावीस वर्षं ती तिथे कानाला हेडफोन लावून बसली. तिच्या कानांचा दबदबा असा, की लाइनवर नुसता श्वास ऐकून ती सांगायची, "साहेब, तुमचा माणूस आलाय लाइनवर, पण बोलायला कचरतोय. जरा धीर धरा." साहेबलोक चाट पडायचे. तिला त्यात विशेष काही वाटायचं नाही.

नोकरी संपल्यावर तिने तीन-चार वर्षं काहीबाही केलं आणि मग तिला संग्रहालयाचं काम मिळालं. तिथे म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती जपून ठेवलेल्या होत्या. गोदीतले हमाल, भट्टीवर राबलेली माणसं, छापखान्यातल्या बायका. कुणाची मुलाखत कारखान्याच्या फाटकात घेतलेली, कुणाची दवाखान्याच्या खाटेवर. घरी बसून त्या ऐकायच्या आणि शब्द न शब्द टाइप करून द्यायचा. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. ऐकू आलं नाही तर कंसात 'अस्पष्ट' लिहायचं आणि पुढे जायचं. आठ वर्षांत तिने शेकडो मुलाखती उतरवल्या. तिच्या पानांवर 'अस्पष्ट' इतकं क्वचित दिसे, की अवघड मुलाखत आली की संग्रहालयाच्या मॅडम म्हणत, "ही टेलिफोनवालीकडे पाठवा."

चौपन्नाव्या वर्षी तिचा उजवा कान रुसला. आधी तिने कानाडोळाच केला. नवरा पुटपुटतोय, टीव्हीवरची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतायत, हल्ली कुणाला नीट बोलायलाच येत नाही, असं तिचं म्हणणं. मग एक दिवस मुलीचा फोन उजव्या कानाला लावला आणि लेक जणू उशीत तोंड खुपसून बोलत होती. फोन डावीकडे घेतल्यावर आवाज लख्ख आला. ती त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा निम्म्याहून अधिक गेलाय, डावा थोडा कमी झालाय. उजव्या कानामागे बसवायचं एक छोटं, साधं यंत्र दिलं. "आणि हेडफोन विसरा आता," ते म्हणाले. "यंत्रावर हेडफोन चढवलात तर शिट्टी वाजेल आणि यंत्र काढून मोठ्याने ऐकलंत तर उरलेलंही जाईल."

"काम सोडायला सांगताय का?"

"काम सोडा कुठे म्हणालो? स्पीकरवर ऐका. शांत खोलीत."

शांत खोली! घोडं नेमकं तिथेच अडलं. खोली शांत होती. खिडकी मागच्या बोळाकडे उघडणारी, बोळात रहदारी नाही, शेजारी दिवसभर कामावर. गोंगाट होता तो टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा. मुलीने शिक्षण संपल्यावर मागे ठेवलेला तो डबा. जुन्या टेपांवरची खरखर काढणारा एक प्रोग्राम संग्रहालयाने दिलेला होता. तो चालू केला की मुलाखतीतला आवाज स्वच्छ व्हायचा, पण त्या मेहनतीने प्रोसेसर तापायचा आणि त्याच्यावरचा मूठभर आकाराचा पंखा जिवाच्या आकांताने ओरडायला लागायचा. म्हणजे ऐकायची वेळ आली की नेमकी हीच बोंब. पूर्वी हेडफोनमुळे ती जाणवायची नाही. आता कानामागचं यंत्र माणसाचा आवाज वाढवताना पंख्याचाही वाढवायचं, आणि स, श, फ असली हवेची अक्षरं त्या गोंगाटात विरघळून जायची.

तीन महिन्यांनी मॅडमनी आठ मुलाखती परत पाठवल्या. पानांवर लाल खुणा होत्या. एका हमालाने सांगितलं होतं, बोट उलटली तेव्हा साठ माणसं होती. तिने लिहिलं होतं आठ. 'हात अडकला' याचं झालं होतं 'आत अडकला'. अशा चौदा चुका.

मॅडम स्वतः फोनवर म्हणाल्या, "मला बोलायलाही जड जातंय. पण समितीतले लोक म्हणतात, दुसऱ्या कुणाला देऊ या."

"कान नाही चुकत माझा, खोली चुकतेय," टेलिफोनवाली म्हणाली. "दोन महिने द्या. त्याच आठ मुलाखती पुन्हा उतरवून देते. एक चूक निघाली तर मीच थांबेन."

मॅडमनी दोन महिने दिले. तिने फोन ठेवला तसा नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

नवरा बस ड्रायव्हर. एकतीस वर्षं इंजिनाला मांडी लावून बसल्यासारखी गाडी चालवलेली. निवृत्त होऊनही बोलणं असं, की जणू मागच्या सीटवरच्या प्रवाशाला सांगतोय. कॉम्प्युटरचा आवाज त्याला मुळी ऐकूच येत नसे. "कुठे आवाज येतोय? मला तर छान शांत वाटतं," तो म्हणायचा, तेही ओरडून. तरी त्याने बायकोच्या सांगण्यावरून तो डबा उचलून स्वयंपाकघरात नेला आणि लांब वायरी टाकून दिल्या. त्याने दोन गोष्टी झाल्या. मधलं दार लागेना, म्हणून आवाज येतच राहिला. आणि तिसऱ्या दिवशी तोच त्या वायरीत पाय अडकून पडता पडता वाचला. डबा परत टेबलाखाली आला.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, "आई, लॅपटॉप घे ना सरळ."

टेलिफोनवालीने शेजारच्यांचा लॅपटॉप आणून पाहिला. खरखर काढायचा प्रोग्राम लावताच पाच मिनिटांत तोही चिडून सुंसूं करायला लागला. त्याचा आवाज मात्र बारीक नि तिखट, म्हणजे अक्षरांच्या अगदी मुळावर येणारा. तिने तो बंद केला, परत देऊन आली आणि एक कोरी वही काढली.

पुढचे तीन आठवडे ती रोज सकाळी त्या वहीत लिहीत होती. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं, याची तिला तोवर गंधवार्ता नव्हती. पण एक्स्चेंजमध्येही पहिल्या दिवशी हजार वायरींचं जंगल पाहून तिला रडू फुटलं होतं आणि महिन्याभरात तिला त्यातली प्रत्येक वाट पाठ झाली होती. ती वाचत गेली, लोकांनी केलेले व्हिडिओ बघत गेली, न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारत गेली. जसजसं कळलं, तसतसं तिला वाटायला लागलं, यात जादू काही नाही. आवाज करतो तो पंखा, आणि पंख्याला पळवते ती उष्णता. उष्णता नीट बाहेर गेली तर पंख्याला पळायचं कारण नाही.

एका दुपारी ती नवऱ्याला चित्र दाखवत होती. "हा बघा, प्रोसेसरवर बसवायचा कूलर. खाली तांब्याचा तळ, त्यातून वर गेलेल्या या तांब्याच्या नळ्या. नळ्यांत थोडंसं पाणी असतं. ते खाली तापून वाफ होतं, वर जाऊन गार होतं, पुन्हा खाली उतरतं. आणि वर ही ॲल्युमिनियमची पातळ पानं. पानांमधून पंखा वारा घालतो."

"मग रेडिएटर म्हण ना सरळ!" ड्रायव्हर ओरडला. तो एकदम ताठ बसला. "एवढं फिरवून काय सांगतेस? आणि रेडिएटर जेवढा मोठा, तेवढं पंख्याला काम कमी. आमच्या जुन्या गाडीचा पंखा बघितला असतास, परातीएवढा होता. सावकाश फिरायचा, पण वारा काय फेकायचा!"

"तेच! मोठा पंखा सावकाश फिरवला की वारा तेवढाच, आवाज थोडा."

तिचा बेत मात्र एका ठिकाणी फसत होता. आवाज कोंडण्यासाठी तिने चहूबाजूंनी बंद, आतून स्पंजचं अस्तर लावलेली पेटी पसंत केली होती. ड्रायव्हरने चित्र पाहून मान हलवली. "ही नको. बसच्या बॉनेटवर गोधडी घातलीस तर दहा मिनिटं आवाज कमी येईल, मग इंजिन उकळेल. समोरून वारा आला पाहिजे नि मागून गेला पाहिजे. मधे आडकाठी नको."

तिने दोन दिवस त्यावर वाचलं. नवऱ्याचं म्हणणं खरं निघालं. कोंडलेल्या पेटीत उष्णता अडते आणि पंखे वेग वाढवतात. वेगळी पेटी घेऊन जुनंच दुखणं. वहीतली ती ओळ तिने खोडली आणि खाली लिहिलं, 'पुढून जाळीची. ड्रायव्हर बरोबर.'

सुटे भाग विकणारं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार चाळिशीचा, बोलघेवडा माणूस. दुकानात लाल-निळे दिवे लुकलुकणारी यंत्रं मांडलेली. तिची वही पाहून त्याने हसू दाबलं.

"मावशी, कशाला डोक्याला ताप? तयार मशीन देतो. पाण्याचं कूलिंग आहे बघा. आरपार काच, दिवे बदलतात."

"पाण्याच्या कूलिंगला पंप लागतो ना?"

"हो."

"तो सतत चालू?"

"हो... म्हणजे, अगदी बारीक आवाज."

"तो बारीक आवाजच मला नकोय. आणि त्या पाण्याला गार करायला पंखे लागतातच. मग पंख्याबरोबर पंपही कशाला पोसू?"

दुकानदाराने दिव्यांचं बटण बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. काय काय हवंय ते सांगा."

तिने एकेक सांगितलं. प्रोसेसर मधल्या ताकदीचा, खरखर काढायला पुरेसा आणि उगाच आग न ओकणारा. साठवायला फिरती तबकडी नको, चिप असलेली डिस्क, म्हणजे ती घरघर गेली. वीज देणारा डबा असा, की कामाचा भार थोडा असला की त्याचा पंखा आपण होऊन थांबेल. पेटी पुढून जाळीची. दुकानदाराने जी पेटी काढली ती तिने पिशवीतून फूटपट्टी काढून आतून मोजली आणि बाजूला सारली. "हिच्यात माझ्या वहीतला कूलर उभा राहणार नाही. एक बोट कमी पडतंय." दुकानदाराने स्वतः मोजलं आणि दुसरी काढली.

शेवटी पंख्यांवर गाडी आली. तळहातापेक्षा मोठे, चार वेगवेगळ्या बनावटीचे पंखे काउंटरवर आले.

"सगळे सारखेच, मावशी. खोक्यावर आवाजाचा आकडा आहे."

"आकडा खोक्यावरचा. मला पंखा ऐकायचाय. दार लावता का? आणि छतावरचा पंखा बंद करा."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदाराने गंमत म्हणून दार लावलं, छताचा पंखा बंद केला आणि एकेक पंखा विजेला जोडून तिच्या हातात दिला. तिने डावा कान जवळ नेला, डोळे मिटले आणि एक बोट पंख्याच्या चौकटीवर टेकवलं. पहिला तिने लगेच ठेवून दिला. "याच्या आत कुरकुर आहे." दुसरा वेगात बरा होता, सावकाश केल्यावर टिकटिक करत होता. तिसरा आवाज करत नव्हता, पण बोटाला थरथर लागत होती. "हा पेटीला हलवेल, मग पेटी बोलेल." चौथा तिने बराच वेळ धरून ठेवला.

"चालू आहे ना हा?"

"मावशी, पाती फिरतायत की."

"मग हे तीन द्या. याच जातीचे."

दुकानदाराकडे दोनच होते. तिसरा त्याने दुसऱ्या दुकानातून मागवला, आणि तो आल्यावर तिने पुन्हा दार लावायला लावलं.

जुळणीला तिने रविवारची सकाळ धरली. टेबल पुसलं, सगळी खोकी क्रमाने मांडली, वही उघडून समोर ठेवली. ड्रायव्हरला काम दिलं ते स्क्रू वाटीत सांभाळायचं आणि मधे न बोलायचं. पहिलं त्याला जमलं.

प्रोसेसर बसवायचं काम सगळ्यात नाजूक. नखाएवढी सोनेरी खूण जुळवायची, तुकडा नुसता अलगद ठेवायचा, जोर लावायचा नाही आणि मग दांडी खाली दाबायची. दांडी दाबताना करकर आवाज झाला. ती थबकली. वहीत तिने आधीच लिहून ठेवलं होतं, 'करकरतं. घाबरू नये.' तिने दाबली. बसली.

मग प्रोसेसरवर ज्वारीच्या मोठ्या दाण्याएवढं करड्या रंगाचं मलम ठेवलं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी भरायला ते लागतं. कूलर उचलून ती आता त्याच्या तळाकडे बघणार, तोच फोन वाजला. फोनवर मॅडम.

"रविवारी त्रास देतेय, माफ करा. समितीची बैठक अलीकडे आलीय. उद्या नाही, पुढच्या सोमवारी. त्या आठही मुलाखती तोवर हव्यात, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

"अजून तीन आठवडे होते ना?"

"होते. मी भांडले. पण..."

"सोमवारी मिळतील," टेलिफोनवाली म्हणाली आणि फोन ठेवला. डोक्यात सोमवार घणासारखा वाजत होता. तिने कूलर उचलला, मलमावर टेकवला आणि चारही स्क्रू आवळून टाकले.

दोन वाजता सगळं जोडून झालं. तिने बटण दाबलं. पंखे हलले, आणि खोलीत काही म्हणता काही ऐकू आलं नाही. ड्रायव्हरने टाळी वाजवली. पण एखाद मिनिटातच कूलरवरचा पंखा वेग घ्यायला लागला. मग बाकीचे दोन. स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा सत्तर, ऐंशी, नव्वद करत शहाण्णववर जाऊन भिडला. तिन्ही पंखे असे काही भणाणले, की या खेपेला ड्रायव्हरलाही ऐकू आलं.

"अगं, हा तर जुन्याचा बाप निघाला!"

तिने दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, पाण्याचं घ्या. उद्या घेऊन या, बघतो." उद्या म्हणजे एक दिवस गेला. ती खुर्चीवर बसली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, ते तिने मनगटाने पुसलं. ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ दे, उद्या रिक्षाने नेऊ."

"नाही. थांबा."

एक्स्चेंजमध्ये लाइन मेली की कुणी सगळं उखडत नसे. एका टोकापासून निघायचं आणि प्रत्येक सांधा तपासत जायचं. आवाज कुठवर येतो आणि कुठून पुढे जात नाही, ते शोधायचं. इथे जायची होती ती उष्णता. ती कुठवर येतेय? तिने मशीन पुन्हा चालू केलं, आकडा नव्वदच्या वर गेला तशी कूलरच्या पानांना बाजूने हलकेच बोट लावलं. मग बोट काढून नवऱ्याकडे वळली.

"गार आहेत."

"काय गार आहे?"

"पानं. प्रोसेसर शहाण्णववर आणि पानं गार. हात लावून बघा."

ड्रायव्हरने हात लावला. त्याच्या कपाळावर आठी आली, आणि मग तो आयुष्यात पहिल्यांदाच बारीक आवाजात बोलला. "इंजिन तापलंय आणि रेडिएटर गार. म्हणजे खालचं वर येतच नाहीये. मधेच काहीतरी अडलंय गं."

तिने वीज काढली, थोडं थांबली, चार स्क्रू सोडले आणि कूलर उलटा केला. तांब्याच्या तळावर एक पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटलेला होता. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'बसवण्यापूर्वी काढा.' मलम बिचारं त्या प्लॅस्टिकवर पसरून बसलं होतं.

ड्रायव्हरने वाकून ती अक्षरं वाचली. मग ड्रायव्हर हसायला लागला. "टाकीचं झाकण न काढता पेट्रोल भरलंस!"

"हसू नका," ती म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं. तिने पापुद्रा सोलून वहीत चिकटवला, बाजूला तारीख घातली. स्पिरिटच्या बोळ्याने दोन्ही बाजू चकचकीत पुसल्या, नवं मलम ठेवलं, स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळले. या वेळी फोन वाजला असता तरी तिने घेतला नसता.

आकडा अठ्ठावन्नवर जाऊन थांबला. खरखर काढायचा प्रोग्राम पूर्ण जोरात चालू होता, आणि तरी अठ्ठावन्न. पानं कोमट. कूलरवरचा पंखा आळसावलेल्या माणसासारखा फिरत होता.

पण तिचं समाधान झालं नव्हतं. "टिकटिक येतेय."

"मला काही—"

"तुम्हाला नाही येणार. मागच्या बाजूला आहे." तिने टॉर्च धरला. मागच्या पंख्याच्या पात्याला एक वायर जेमतेम शिवत होती. ती मागे ओढून दोऱ्याने बांधली. मग सेटिंगमध्ये जाऊन साठ अंशांपर्यंत पंख्यांनी वेग वाढवायचाच नाही, आणि आकडा क्षणभर उडाला तरी लगेच दचकायचं नाही, असं ठरवून दिलं. आता खोलीतले जे आवाज आजवर दबले होते ते वर आले. भिंतीवरचं घड्याळ. ते तिने काढून नवऱ्याच्या हातात दिलं. "हे तुमच्या खोलीत लावा. तुम्हाला चालेल."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बसली. स्पीकरमधून हमाल बोलायला लागला आणि 'साठ' मधला स असा स्पष्ट आला, की ती खुर्चीतच पुढे झुकली. एक मुलाखत, दुसरी, तिसरी. नवरा जेवण झाकून ठेवून दार हळूच ओढून घ्यायचा. त्याला हळू दार ओढता येतं, हे तिला तेव्हा कळलं.

सातवी मुलाखत एका म्हातारीची होती. ती छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. ज्या दिवशी छापखान्याला आग लागली, त्या दिवसाबद्दल ती सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज इतका खाली गेला, की तिथे आजवर तिघांनी 'अस्पष्ट' लिहिलेलं होतं. त्या तिघांतली एक टेलिफोनवाली स्वतः होती. तिने तो तुकडा लावला. पुन्हा लावला. उजव्या कानाचं यंत्र थोडं वाढवलं. मग उठली, खिडकी लावली आणि तिसऱ्यांदा लावला.

'दार आतून नव्हतं लागलेलं. कडी बाहेरून होती. आम्ही हाका मारत होतो.'

आग लागली तेव्हा बायकांनी घाबरून आतून कडी घातली, असं तेव्हाच्या चौकशीच्या कागदांत होतं. संग्रहालयात त्या आगीची माहिती देणाऱ्या पाटीवरही तसंच लिहिलेलं होतं. टेलिफोनवालीने हे वाक्य दहादा ऐकलं. पदरचं अक्षर नाही ना, याची खात्री केली. मग कंसातला शब्द पुसून त्या जागी तीन वाक्यं टाइप केली.

आठही मुलाखती शनिवारीच गेल्या. सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला. बाकी सात मुलाखतींत एकही चूक नव्हती. पण या एका पानावरून बैठक अडली होती. "ते विचारतात, ज्या बाईला कानाचं यंत्र लागतं, तिने एकटीने हे ऐकलं कसं? मी काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नका. तुम्ही या आणि ऐका."

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. सोबत समितीतले एक वयस्कर गृहस्थ होते. ते खुर्चीवर बसून खोलीभर बघत म्हणाले, "मशीन चालू करायला किती वेळ लागेल?"

"चालूच आहे," टेलिफोनवाली म्हणाली.

गृहस्थांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. मागची पाती फिरत होती.

तिने तुकडा लावला. म्हातारीचा आवाज खोलीत उतरला. मॅडमनी पहिल्याच वेळी तोंडावर हात ठेवला. गृहस्थ म्हणाले, "पुन्हा." मग पुन्हा एकदा म्हणाले. चौथ्या वेळी त्यांनी चष्मा काढला आणि खिशातून पेन काढून पानाच्या खाली सही केली. निघताना ते टेलिफोनवालीला एवढंच म्हणाले, "मी चुकीचं बोललो होतो बैठकीत."

मुलाखत नऊ वर्षांपूर्वीची. ती म्हातारी अजून हयात होती, मुलाच्या घरी अंथरुणाला खिळलेली. पाटी बदलायच्या आधी विचारून घ्यावं म्हणून मॅडम तिच्याकडे गेल्या आणि येताना टेलिफोनवालीकडे थांबल्या. त्यांनी म्हातारीला ते पान वाचून दाखवलं होतं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तर तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं?"

टेलिफोनवालीने ते पान पुन्हा हातात घेतलं. तीन 'अस्पष्ट' मधला एक तिचा होता. मग तिने विचारलं, "जुन्या मुलाखतींत असे किती 'अस्पष्ट' असतील?"

"मोजलेले नाहीत. पण बरेच."

"मग मोजा. आणि माझ्याकडे पाठवा. आधी माझे पाठवा."

पाटी महिन्याभरात बदलली. जुन्या मुलाखतींची पहिली खेप आली, दुसरी आली. काही जागा तरीही अस्पष्टच राहिल्या. तिथे टेपच विरलेली होती, आणि तसं तिने प्रामाणिकपणे लिहून दिलं. पुढे मॅडमनी संग्रहालयाच्या ऐकायच्या खोलीसाठीही असंच एक मशीन बांधून मागितलं.

टेलिफोनवाली त्या खोलीत गेली तेव्हा तिच्याबरोबर ड्रायव्हर होता, हातात नव्या पेटीचं खोकं. तिने त्याला ते खाली ठेवायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. मॅडम काही विचारणार होत्या, पण तिने बोट वर करून त्यांना थांबवलं. एका कोपऱ्यात पाणी गार करणारं यंत्र गुणगुणत होतं. छतावरचा ट्यूबचा दिवा बारीक झणझणत होता.

"हे यंत्र बाहेर काढायचं," ती म्हणाली. "हा दिवा बदलायचा. मग मी पेटी उघडते."

मॅडमनी शिपायाला हाक मारली. ड्रायव्हरने तोवर पाण्याच्या यंत्राचं एक टोक उचललंही होतं.